ब्रोचच्या पाठीमागचं इंजिनिअरिंग

ब्रोच म्हटलं की आपण सगळे पुढची बाजू बघतो. मोर, कमळ, खडे, मोती, मीनाकारी. दुकानदारही तीच बाजू वळवून वळवून दाखवतो. पण ब्रोच हरवतो तो पाठीमागच्या बाजूमुळे! तिथे एक पिन असते, एक बिजागरी असते आणि एक आकडा असतो. या तिघांतलं एक जरी कच्चं निघालं तरी पुढचा मोर एक दिवस रिक्षात नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये राहणार हे नक्की. माझ्या मावशीचा मोत्यांचा ब्रोच असाच गेला. दादरला गाडीत चढताना पदराला होता, ठाण्याला उतरताना नव्हता. मोती काय, परत मिळतात. पण तो तिच्या सासूबाईंनी दिलेला होता, आणि त्या आता नाहीत.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, आणि तिथे प्रिफेक्ट लोकांना मिरवायला एक पितळी बॅज मिळायचा. जूनमध्ये चकाचक, दिवाळीपर्यंत मागची पिन गायब. मग उरलेलं वर्ष तो बॅज सेलोटेप आणि सेफ्टी पिनच्या कृपेने छातीवर लटकायचा. तेव्हा आम्ही समजायचो की मुलीच धसमुसळ्या आहेत. (सिस्टरांचंही हेच मत होतं.) मेकॅनिकलला आल्यावर आणि एस.ओ.एम.चा पेपर एकदाचा सुटल्यावर कळलं की मुलींचा काही दोष नव्हता, डिझाइनच तसं होतं. तर मित्रमैत्रिणींनो, ही पिन, बिजागरी आणि आकडा हाताने पण टिकाऊ कसे करायचे, त्याबद्दल हा लेख. चांदीची तार, पक्कड, कानस आणि आपल्या वर्कशॉपमधला व्हाइस एवढ्यावर बरंच काम होतं. डाख द्यायला मात्र ओळखीचा सोनार गाठावा.

थोडा इतिहास, पटकन. कपडा शिवण्यापेक्षा तो अंगाभोवती गुंडाळून टोचून ठेवायची पद्धत जिथे होती, तिथे ब्रोचचा जन्म झाला. युरोपात तीन हजार वर्षांपूर्वीच्या, ब्राँझच्या एकाच तारेला वेढा देऊन केलेल्या पिना सापडल्या आहेत. त्यांना फिब्युला म्हणतात, आणि हुबेहूब आपली सेफ्टी पिन! ती पिन अमेरिकेत नव्याने जन्माला आली १८४९ साली. वॉल्टर हंट नावाच्या माणसाने १० एप्रिल १८४९ ला तिचं पेटंट घेतलं, क्रमांक ६२८१. पंधरा डॉलरचं कर्ज फेडायला त्याने ही युक्ती शोधली आणि चारशे डॉलरला हक्क विकून टाकले, असं सांगतात. आपल्याकडे नऊवारीत सगळं खोचून भागायचं, त्यामुळे पिनेचं एवढं अडलं नव्हतं. पारशी बायकांनी मात्र साडीच्या खांद्यावर ब्रोच फार झोकात मिरवला. आता तर पाचवारी आणि पिन यांची ताटातूट शक्य नाही. आपल्या गॅदरिंगच्या साडी डे ला एकेका मुलीच्या अंगावर किती पिना असतात ते मोजायचं धाडस कोणी केलेलं नाही.

हंटच्या पिनेत खरी गंमत कशात आहे? त्या वेढ्यात. तो शोभेचा नाही. तो का लागतो हे समजलं की अर्धं काम झालं, म्हणून इथे जरा गणित करू.

पिन म्हणजे आपला जुना मित्र कँटिलिव्हर. एक टोक धरलेलं, दुसरं मोकळं. समजा तार १ मिमी जाडीची, लांबी ४० मिमी, आणि आकड्याखाली घालताना टोक ५ मिमी दाबावं लागतं. साधी सरळ पिन असेल तर मुळाशी येणारा स्ट्रेस म्हणजे तीन गुणिले यंग्ज मॉड्युलस गुणिले जाडी गुणिले दाब, भागिले लांबीच्या वर्गाची दुप्पट. ९२.५ टक्के चांदी, म्हणजे स्टर्लिंग, हिचा मॉड्युलस साधारण ७५ गिगापास्कल धरला तर उत्तर येतं ३५० मेगापास्कल. आता भट्टीतून नरम होऊन आलेली स्टर्लिंग चांदी सव्वाशे-दीडशे मेगापास्कललाच कायमची वाकते. म्हणजे पहिल्यांदा पिन लावली तेव्हाच ती वाकडी झाली. तिने कपड्याला जोर लावणं सोडलं, आणि आकड्यात ती नुसती पडून राहिली. पुढे ती कधी निसटते ते फक्त वाट बघण्याचं काम.

आता मुळाशी दीड वेढा द्या, ३ मिमी व्यासाचा (तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत). या वेढ्यात सुमारे १४ मिमी तार जाते. ही १४ मिमी तार सगळीच्या सगळी सारख्या मोमेंटखाली वाकते, आणि सरळ पिनेची ४० मिमी लांबी मात्र हिशोबात फक्त तिसरा हिस्सा, म्हणजे १३.३ मिमी धरली जाते, कारण टोकाकडची तार जवळजवळ काही करतच नाही. फुकट बसून असते. १३.३ च्या जागी २७.४ झाले, म्हणजे तेवढंच टोक दाबायला स्ट्रेस निम्म्यावर आला, ३५० चे १७०. एवढीशी तार जास्त आणि स्ट्रेस निम्मा! (वेढ्याच्या वक्रतेचा फॅक्टर मी धरलेला नाही, सरांनी मोठ्या मनाने सोडून द्यावा.) म्हणूनच तीन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राँझवाल्यानेही वेढा दिला. त्याला हे गणित येत नव्हतं, पण हाताला कळलं होतं.

आणि वेढा दीडच का, पूर्ण एक का नाही? एक वेढा दिला तर तारेची शेपटी पिनेच्या उलट दिशेला निघते. दीड दिला की ती वळून पिनेच्याच खाली, समांतर येते आणि ब्रोचच्या पाठीवर सपाट टेकते. त्या टेकण्यावरच पिन उचलून धरली जाते. शेपटी ७-८ मिमी ठेवा, त्याहून आखूड केली तर ती पाठीवर फार जोराने रुतते.

१७० मेगापास्कल नरम चांदीला तरीही जास्तच. इथे येतो कडकपणा. धातू थंड असताना ठोकला, ओढला, पिळला की तो कडक होतो. आपण याला वर्क हार्डनिंग म्हणतो आणि चार मार्कांना डिस्लोकेशनची आकृती काढतो. सोनार हे रोज करतो. त्याच्याकडे जंतर असतं, म्हणजे एकाहून एक बारीक भोकांची पोलादी पट्टी. तार एकेका भोकातून ओढायची. १.३ मिमीची तार मध्ये न तापवता १ मिमीपर्यंत आणली तर तिचं क्षेत्रफळ ४१ टक्के कमी होतं, आणि ती चांगली ताठ होते, दुप्पट ताकदीला आरामात पोचते. मग १७० चं तिला काहीच वाटत नाही.

जंतर नसेल तर सोपा उपाय आहे, आणि मला तो जास्त आवडतो. १० सेंटीमीटर तारेचं एक टोक व्हाइसमध्ये पकडा, दुसरं हँडड्रिलच्या चकमध्ये. तार ताणून धरून दहा पूर्ण पीळ द्या. जाडी तीच राहते, तार गोल आणि गुळगुळीतच दिसते, पण हातात घेतली की कळतं की हा प्राणी बदललाय. पिळताना सगळ्यात जास्त स्ट्रेन तारेच्या पृष्ठभागावर येतो, मधला गाभा जवळजवळ तसाच राहतो. आणि पिन वाकताना सगळ्यात जास्त स्ट्रेस कुठे येतो? पृष्ठभागावरच! जिथे गरज तिथेच पुरवठा. फार पिळू नका मात्र, तार चकपाशी तुटते आणि टोक उडून लागतं. गॉगल घाला, वर्कशॉपच्या भिंतीवरची पाटी उगाच लावलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एवढं कष्टाने कमावलेलं एका मिनिटात घालवायचा हमखास मार्ग म्हणजे पिनेला डाख देणे. चांदीचा डाख ७०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास वितळतो, आणि स्टर्लिंग त्याआधीच, साडेसहाशेला, पूर्ण नरम पडतं. बाजारातल्या बऱ्याच हातकामाच्या ब्रोचांत पिन थेट पाठीला डाखलेली असते. दिसायला एकदम पक्की, सांधा तर कधीच सुटणार नाही. पण सांध्यापासून सेंटीमीटरभर तार शिजवलेल्या शेवयांसारखी झालेली असते, आणि नेमका तिथेच सगळ्यात जास्त स्ट्रेस येतो. आमच्या घराजवळच्या कारागीर काकांना मी विचारलं, "काका, पिनेला डाख का देत नाही तुम्ही?" तर म्हणाले, "अगं, डाख दिला की तार मेली. मेलेल्या तारेला काय काम सांगणार?" चार मार्कांचं उत्तर याहून नीट मला लिहिता आलं नसतं.

म्हणून क्रम असा: आगीचं सगळं काम आधी, स्प्रिंगचं काम सगळ्यात शेवटी. बिजागरीचे कान आणि आकडा पाठीला डाखून घ्या, ब्रोच धुवा, पॉलिश करा, आणि मग कडक केलेली पिन थंडच बसवा, रिव्हेटने. मोती किंवा पोवळं असेल तर ते आगीजवळ नेऊच नका. जुन्या ब्रोचची पिन बदलताना ही रिव्हेटची पद्धतच जीव वाचवते, कारण रिव्हेट कानशीने घासून काढता येतो आणि आगीशिवाय नवी पिन बसते.

चांदीच वापरायला हवी का? नाही. खरं सांगायचं तर पिनेसाठी मी स्टेनलेस स्टीलच घेईन. स्प्रिंगच्या प्रतीची, कडक ओढलेली ३०४ ची तार दीड हजार मेगापास्कलच्या पुढची ताकद देते. आपल्या उदाहरणात वेढ्यासकट तिच्यावर ४४० येतात. ढेकूणही नाही. जोर बघितला तर चांदीची पिन आकड्यावर साधारण ४० ग्रॅमचा दाब देते आणि तेवढ्याच जाडीची स्टीलची ११० ग्रॅमचा. पण जोर जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे स्टीलची तार नुसती ०.८ मिमी केली की जोर पुन्हा चांदीएवढाच होतो, आणि कपड्याला भोक मात्र बारीक पडतं. पैठणी किंवा कुठल्याही रेशमी साडीला ०.८ ची स्टीलची पिन, जाड ब्लेझरला १ मिमी. स्टीलला डाख देण्याचा विचारही करू नका. कडकपणा तर जातोच, शिवाय त्या तापमानात क्रोमिअम कार्बनबरोबर गट्टी करून बसतं आणि स्टेनलेस स्टीलचं स्टेनलेसपण जातं. साधी पोलादी तार, पियानो वायर वगैरे, स्प्रिंग म्हणून झकास, पण पावसाळ्यात गंजते आणि साडीवर तांबडा डाग ठेवते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. पीळ देऊन छान कडक होतं, पण निकेलची काही जणींना अ‍ॅलर्जी असते, तेव्हा विचारून घ्या.

पितळेची गोष्ट वेगळी आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात ठेवल्या ठेवल्या तडकायची. कोणी हात लावला नाही, ठोकलं नाही, तरी चिरा. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं. १९२१ मध्ये त्याचं कारण नीट मांडलं गेलं: काडतूस ओढून घडवताना धातूत ताण अडकून राहायचा, आणि घोड्यांच्या पागेतून येणारा अमोनिया त्या ताणलेल्या पितळेला चिरत जायचा. आता आपली पितळी पिन बघा. ओढलेली, पिळलेली, वेढा दिलेली, म्हणजे अडकलेला ताण भरपूर. आणि आपण दागिने साफ करायला काय वापरतो? अमोनियाचं लिक्विड! पितळच हवं असेल तर वेढा दिल्यावर तासभर सुमारे २५० डिग्रीला ठेवा. कडकपणा जवळजवळ तसाच राहतो, अडकलेला ताण बराच निघून जातो. आपल्या मेटलर्जी लॅबमधली भट्टी रिकामी असते तेव्हा तिथल्या मामांना गोड बोलून बघा.

आता बिजागरी. पाठीवर दोन उभे कान, मध्ये वेढा, आरपार रिव्हेट. इथे खरा शत्रू आहे फट. वेढ्याचा बाहेरचा व्यास ४ मिमी, पिन ४० मिमी, म्हणजे दहापट. कान आणि वेढा यांच्यात ०.१ मिमी फट राहिली तर पिनेचं टोक १ मिमी इकडेतिकडे हलणार, आणि १ मिमीत ते आकड्याबाहेर जाऊ शकतं. म्हणून रिव्हेट ठोकताना कान आणि वेढा यांच्यात एक पातळ कागद ठेवा. ठोकून झालं की कागद जाळून किंवा भिजवून काढा. तेवढीच फट पुरे. रिव्हेटची तार दोन्ही बाजूंना तिच्या जाडीच्या निम्मी बाहेर ठेवायची आणि हलक्या हाताने, खूप वेळा ठोकायची. दोन घावांत आटपायला गेलं की रिव्हेट मध्येच वाकतो. आणि वेढा रिव्हेटवर घट्ट बसवू नका हं. पिन दाबली की वेढा आवळला जातो, त्याला आत आवळायला जागा लागते.

आमच्या शाळेच्या बॅजचं काय चुकलं होतं तेही इथे सांगते. पिनेची तार उभी टेकवून तिच्या टोकाला डाखाचा थेंब दिलेला होता. १ मिमी तारेच्या टोकाचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मिमीच्या किंचित वर. तेवढ्यावर सगळं ओझं, आणि तेही उपटणारं. कान किंवा आकडा कधीही असा उभा टेकवू नका. त्याच्या खाली ४ बाय ३ मिमीचा चौथरा ठेवा, तो सपाट डाखा. बारा चौरस मिमी, म्हणजे पंधरापट. फार मेहनत नाही, पण हे न करण्याने किती बॅज गेले असतील!

आकडा इंग्रजी सी अक्षरासारखा. त्याचं तोंड कुठे हवं यावर मी मैत्रिणींशी बरंच भांडले आहे. तोंड खाली हवं. का ते बघा. पिन कपड्यात अडकलेली आहे, तिला कपडा वर धरतो. ब्रोचचं वजन ब्रोचला खाली ओढतं. म्हणजे ब्रोचच्या दृष्टीने पिन वर सरकते, आकड्याच्या बंद बाजूत. वजन जितकं जास्त तितकी पिन घट्ट. तोंड वर ठेवलं तर तेच वजन पिनेला दार उघडून देतं. ब्रोच उलटा करून, वरची बाजू वरच ठेवून बघितलं तर बिजागरी उजवीकडे आणि आकडा डावीकडे हवा, उजव्या हाताच्या माणसाला लावायला तेच सोयीचं. डावखुऱ्यांनी सोनाराला उलट सांगावं, तो काही वेगळे पैसे घेणार नाही.

पिन पाठीच्या मधोमध लावायची नाही. वरच्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे गुरुत्वमध्याच्या वर. नाहीतर ब्रोच पुढे झुकतो आणि मोर जमिनीकडे बघत बसतो. ब्रोच फार मोठा असेल तर एका पिनेने तो कपड्यावर फिरतो, तिथे दोन समांतर पिना हव्यात.

टोक हा भाग लोक घाईत उरकतात. सुईसारखं टोकदार टोक रेशमाचा धागा उचलतं, बोथट टोक धागे तोडत आत जातं. शेवटचे ८-१० मिमी हळूहळू निमुळतं करा, कानशीने, पिन गोल फिरवत. मग ४०० आणि ६०० चा पॉलिश पेपर, तोही लांबीच्या दिशेने. आडवे ओरखडे ठेवले तर धागा त्यांत अडकतोच, शिवाय पिन तिथून तुटायला सुरुवात होते. शेवटी टोकाचा अगदी केसभर भाग गोलसर करून गुळगुळीत पोलादी सळईने घासून चमकवा. हाताच्या पाठीवर टेकवलं तर टोचायला हवं, ओढलं तर ओरखडा उठायला नको. लांबी अशी ठेवा की टोक आकड्याच्या बाहेर मिलीमीटर-दीड मिलीमीटर येईल, पण ब्रोचच्या कडेबाहेर दिसणार नाही. नाहीतर मिठी मारणाऱ्याचं काही खरं नाही.

झाली पिन? लगेच साडीला लावू नका. ग्राफ पेपरवर ब्रोच ठेवून मोकळ्या पिनेच्या टोकाची जागा पेन्सिलने खूण करा. मग पन्नास वेळा पिन लावा आणि काढा, आणि पुन्हा ग्राफ पेपरवर ठेवा. पहिल्या दोन-तीन वेळांत अर्धा मिमी सरकली तर चालतं, तार जागेवर बसते. नंतरही सरकत राहिली तर तार नरम आहे, रिव्हेट घासून काढा आणि नवी पिन करा. त्यानंतर जुन्या ओढणीच्या तुकड्याला ब्रोच लावून, तुकडा दोन्ही हातांत धरून जोरात झटका, पंधरा-वीस वेळा, पलंगावर, म्हणजे सुटला तर सापडेल. मावशीसाठी नवा ब्रोच केलाय त्याची ०.८ ची स्टीलची पिन या झटक्यांतून पार पडली आहे. मोती अजून ओवायचे राहिलेत.